७२ × ९० इंचांच्या गोधडीला कापड किती घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोधडी ७२ इंच रुंद आणि ९० इंच लांब हवी. ब्लॉक ९ इंची. एक ब्लॉक नऊ छोट्या चौकोनांचा, त्याच्या शेजारचा सलग कापडाचा, असे आलटून-पालटून. भोवती साडेचार इंचांची बॉर्डर. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंच. क्षेत्रफळ काढून पन्ह्याने भागलं तर वरच्या थराला पावणेचार मीटर येतं. शिवणकाम करणारी मैत्रीण मात्र म्हणते की सात मीटरच्या खाली जाऊच नका. बरोबर कोण?

मैत्रीण बरोबर आहे. तुमचं गणित चुकलेलं नाही. ७२ गुणिले ९० म्हणजे ६,४८० चौरस इंच, त्याला ४४ ने भागलं की १४७ इंच, म्हणजेच पावणेचार मीटर. पण हे उत्तर न कापलेल्या, न शिवलेल्या एका सलग चादरीचं आहे. गोधडीत कापड आधी शेकडो तुकड्यांत कापलं जातं आणि मग प्रत्येक तुकड्याची कड शिवणीत जाते. तुकडे पन्ह्यात नेमके बसत नाहीत ते वेगळंच. म्हणून क्षेत्रफळाचा आकडा मी कधीच खरेदीला वापरत नाही, आणि तुम्हीही वापरू नका. किनारीपासून किनारीपर्यंत आडव्या पट्ट्या किती निघतील ते मोजायचं. कापणार आहात तसंच कागदावर बेतायचं, एवढी साधी पद्धत आहे.

आधी मायेबद्दल, म्हणजे शिवणीच्या आत जाणाऱ्या कडेबद्दल, कारण सगळ्यात जास्त कापड तिथे जातं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पॅचवर्कमध्ये शिवणीला पाव इंच माया सोडतात. म्हणजे तयार चौकोन ३ इंचांचा हवा असेल तर कापायचा साडेतीनचा. अर्धा इंच किरकोळ वाटतो, पण तो दोन्ही दिशांना वाढतो. ३ × ३ म्हणजे ९ चौरस इंच, आणि ३.५ × ३.५ म्हणजे १२.२५. एका छोट्या चौकोनामागे ३६ टक्के जास्त कापड! तयार चौकोन २ इंचांचा असेल तर हीच वाढ ५६ टक्के होते, आणि १ इंचाचा असेल तर दुपटीच्याही पुढे जाते. उलट ९ इंची चौकोनात ती ११ टक्क्यांच्या आसपासच राहते. दोन गोधड्या मापाने अगदी सारख्या असल्या तरी बारीक तुकड्यांचीला मोठ्या तुकड्यांचीपेक्षा कितीतरी जास्त कापड लागतं ते यामुळे. ‘डबल बेडच्या गोधडीला इतके मीटर’ अशा सरसकट आकड्यांवर मला भरवसा नाही तोही यामुळेच. तुकड्याचं माप ठाऊक नसताना असं उत्तर देताच येत नाही.

आता पन्हा. ताक्यावर ४४ लिहिलं असलं तरी ४४ इंच तुमच्या हाती येत नाहीत. दोन्ही बाजूंची किनार कापून टाकावी लागते, तिची वीण दाट असते आणि धुतल्यावर ती वेगळी आकसते. त्यात मिळून इंचभर जातो. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे पन्ह्यात आणखी दोन इंच गेले. ४४ चा पन्हा असेल तर मी हिशोबाला ४० इंचच धरते. कुणी ४२ धरतात. तुमच्याच मापावर तो किती धोक्याचा आहे ते बघा. साडेतीन इंची चौकोन ४२ इंचांत बरोबर बारा बसतात, एका दोऱ्याचीही जागा उरत नाही. कापड जरा आटलं, किनार थोडी रुंद निघाली किंवा पट्टी किंचित तिरपी कापली गेली की बाराच्या जागी अकराच निघतात. मग प्रत्येक पट्टीमागे एक चौकोन कमी पडत जातो आणि शेवटच्या दोन-तीन ब्लॉकना कापड उरत नाही.

आता तुमची गोधडी बेतू या. बॉर्डर दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार, म्हणजे ७२ मधून ९ वजा जाऊन ६३ आणि ९० मधून ९ वजा जाऊन ८१. मधल्या भागात आडवे ७ आणि उभे ९ ब्लॉक, एकूण ६३. आलटून-पालटून मांडले की चारही कोपऱ्यांत नऊ चौकोनी ब्लॉक येतील असे ३२ नऊ चौकोनी आणि ३१ सलग. नऊ चौकोनी ब्लॉकमध्ये ५ गडद आणि ४ फिके चौकोन धरते.

गडद चौकोन ३२ गुणिले ५, म्हणजे १६०. ४० इंचांच्या पट्टीत साडेतीनचे ११ बसतात. १६० भागिले ११ म्हणजे साडेचौदाच्या वर, म्हणून १५ पट्ट्या. इथे अपूर्णांक नेहमी वरच्या पूर्णांकाला न्यायचा, अर्धी पट्टी कापता येत नाही. १५ गुणिले ३.५ म्हणजे साडेबावन्न इंच. फिके चौकोन १२८, त्यांच्या १२ पट्ट्या, ४२ इंच. सलग चौकोन ९ चे, कापायचे साडेनऊचे. ४० मध्ये ते चारच बसतात, आणि दोन इंच वाया जातात. ३१ भागिले ४ म्हणजे ८ पट्ट्या, ७६ इंच.

क्षेत्रफळाच्या हिशोबाने गडद कापड ३३ इंच लागलं असतं आणि सलग चौकोनांना ५७. प्रत्यक्षात लागतं साडेबावन्न आणि ७६. तुमच्या आणि मैत्रिणीच्या आकड्यांतला फरक कुठून आला ते इथेच कळतं.

नऊ चौकोनी ब्लॉक सुटे चौकोन कापून जोडण्याऐवजी बरेच जण लांब पट्ट्या आधी एकमेकींना शिवतात आणि मग आडव्या कापतात. त्याने हात भराभर चालतो आणि कोपरेही छान जुळतात. कापडाचा हिशोब मात्र पुन्हा करून बघावा लागतो. गडद-फिकी-गडद असा एक संच आणि फिकी-गडद-फिकी असा दुसरा. प्रत्येक ब्लॉकला पहिल्या संचाचे दोन काप आणि दुसऱ्याचा एक काप, म्हणजे ३२ ब्लॉकना ६४ आणि ३२ काप. एका संचातून ११ काप निघतात, तर पहिल्या प्रकारचे ६ संच आणि दुसऱ्याचे ३. गडद पट्ट्या १२ अधिक ३, म्हणजे १५. फिक्या ६ अधिक ६, म्हणजे १२. इथे उत्तर सुट्या चौकोनांइतकंच आलं. दरवेळी तसं येत नाही, एखाद-दुसरी पट्टी वाढते. कापायची पद्धत आधी ठरवा आणि मग कापड घ्या.

बॉर्डर आणि सलग चौकोन एकाच कापडाचे असावेत असं मला सुचवायचं आहे. दिसायला ते बरं दिसतंच, शिवाय बेतताना मोठा फायदा होतो. बॉर्डर तयार साडेचारची, कापायची ५ इंचांची. दोन बाजूच्या पट्ट्या साडेएक्क्याऐंशी इंच लांब आणि वरची-खालची साडेबहात्तर, एकूण ३०८ इंच. आडव्या पट्ट्या कापून जोडल्या तर ८ लागतात, ४० इंच कापड. त्यात चौकोनांचे ७६ मिळवले की ११६ इंच.

पण बॉर्डर उभी, किनारीला समांतर कापली तर? ८४ इंच लांबीच्या कापडात पाच-पाच इंचांच्या चार उभ्या पट्ट्या काढल्या की २० इंच पन्हा संपतो आणि उरलेल्या २० इंचांत साडेनऊचे दोन चौकोन शेजारी-शेजारी बसतात. ८४ मध्ये अशा ८ ओळी, म्हणजे १६ चौकोन तिथेच निघाले. राहिलेल्या १५ ना ४ आडव्या पट्ट्या, ३८ इंच. एकूण १२२. म्हणजे फक्त ६ इंच जास्त घेऊन चारही बाजूंना एकही जोड नसलेली बॉर्डर मिळते, आणि उभ्या धाग्यात कापलेली बॉर्डर ताणली जात नसल्याने गोधडीच्या कडा लाटांसारख्या उचलतही नाहीत. एवढ्यासाठी मी डोळे झाकून १२२ घेईन. बॉर्डरचं कापड वेगळं असेल तर हा फायदा जातो. तेव्हा बिनजोड बॉर्डरला एकट्यालाच ८४ इंच लागतात आणि त्यातला अर्धा पन्हा उरतो. तो गोटाला, म्हणजे गोधडीची कड बंद करणाऱ्या पट्टीला, वापरता येतो.

आता गोट. घेर दोन वेळा (७२ अधिक ९०), म्हणजे ३२४ इंच. कोपरे मुडपायला आणि शेवटचा जोड घ्यायला १२ इंच, एकूण ३३६. दुहेरी गोटाला पट्टी अडीच इंच रुंद कापते. पट्ट्या तिरक्या जोडल्या की प्रत्येक जोडात साधारण पट्टीच्या रुंदीइतकं कापड जातं, म्हणून ४० ऐवजी साडेसदतीसने भागायचं. ९ पट्ट्या येतात, साडेबावीस इंच. तिरक्या जोडाचा हा हिशोब बहुतेक जण विसरतात आणि गोट शेवटच्या कोपऱ्यावर वीतभर कमी पडतो. कडा सरळ असतील तर उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या कापलेल्या, गोटाची गरज नाही. वळणदार कडेला मात्र उरेबच लागतो. त्याचं माप काढायला लांबी गुणिले रुंदी करून वर्गमूळ काढा. ३३६ गुणिले २.५ म्हणजे ८४०, त्याचं वर्गमूळ २९, तर वरचे दोन इंच धरून ३१ इंची चौकोन त्यासाठी ठेवावा.

आतापर्यंतचे आकडे अगदी काटेकोर कापल्यावरचे आहेत. त्यात तीन गोष्टी वाढवायच्या. पहिली, कापड सरळ करायला ३ इंच. ताक्यावरून फाडलेलं किंवा कापलेलं टोक बहुतेकदा धाग्यात नसतं, आणि घडी घालून पहिली सरळ पट्टी काढेपर्यंत दोन-तीन इंच जातातच. दुसरी, आटण्यासाठी लांबीच्या ५ टक्के. पन्ह्यातली घट ४० धरताना आपण आधीच सोडली आहे. कापड न धुता शिवणारेही पुष्कळ आहेत, तयार गोधडी धुतल्यावर येणारा सुरकुतलेला पोत त्यांना आवडतो. त्यांना हे ५ टक्के कापताना लागणार नाहीत, पण तयार गोधडी मागाहून लहान होईल हे मापातच धरावं लागेल. मी स्वतः आधी धुऊन घेते, विशेषतः गडद लाल आणि निळ्याला फिक्याशेजारी बसवायचं असेल तर.

तिसरी गोष्ट म्हणजे हातचं कापड, आणि इथे माझं मत रूढ सल्ल्यापेक्षा वेगळं आहे. ‘सगळ्यावर १० टक्के जास्त घ्या’ असं सांगतात. तुमच्या सलग चौकोनांवर ते लावून बघा. ७६ चे १० टक्के म्हणजे ७.६ इंच. त्या पट्टीतून साडेनऊचा एकही चौकोन निघत नाही! पैसे गेले आणि कापायला चुकलं तर उपयोग शून्य. म्हणून मी टक्के धरत नाही. प्रत्येक मापाच्या तुकड्याला एक पूर्ण पट्टी जास्त धरते. साडेतीनच्या चौकोनाला साडेतीन इंच, साडेनऊच्याला साडेनऊ. बारीक तुकड्यांना ती कमीत पडते आणि मोठ्यांना खरोखर कामाला येते.

हे सगळं मिळवून गडद कापड साधारण ६२ इंच, म्हणजे १.६ मीटर. फिकं ५१ इंच, १.३ मीटर. सलग चौकोन आणि बॉर्डर १४० च्या थोडं वर, ३.६ मीटर. गोट २९-३० इंच, पाऊण मीटर जरा घट्ट बसतं, पण पुरतं. वरचा थर आणि गोट मिळून सव्वासात मीटर. मैत्रिणीने अनुभवाने सांगितलेला आकडा कागदावरही तिथेच येतो. इंचांचं मीटर करताना ३९.३७ ने भागायचं, पण तोंडी हिशोबाला ३९ धरा, चूक झाली तरी ती कापड जास्त येण्याच्या बाजूने होते. आणि नमुन्यात माप यार्डात दिलं असेल तर एक यार्ड म्हणजे ३६ इंच, ०.९१ मीटर, हे लक्षात असू द्या.

अस्तराचा, म्हणजे मागच्या थराचा हिशोब वेगळा. टाके घालताना तिन्ही थर थोडे सरकतात आणि आकसतात, म्हणून अस्तर वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी ४ इंच मोठं हवं. तुमच्यासाठी ८० × ९८. चाळीसचे दोन उभे पन्हे जोडले तर जोडाची माया जाऊन ७९ इंच मिळतात, एक इंच कमी. घरी शिवणार असाल तर दोन्ही बाजूंना साडेतीन इंच उरतात आणि ते पुरतात. मोठ्या चौकटीच्या यंत्रावर कुणाकडून शिवून घेणार असाल तर त्यांना किती इंच लागतात ते आधी विचारा, तिथे कापड दांड्यांना अडकवायचं असतं आणि चारच्या खाली सहसा चालत नाही. उभे दोन पन्हे म्हणजे ९८ दुणे १९६ इंच. सरळ करणं आणि आटणं धरून ५.४ मीटर.

पण अस्तराला ४४ चाच पन्हा घ्यायला हवा असं थोडंच आहे? ५८ इंची पन्हा मिळाला तर हाती ५४-५५ येतात. तरीही उभे दोन पन्हे जोडले तर १९६ इंचच लागतील आणि पन्ह्यातलं बरंचसं कापड उरेल. तेच कापड आडवं वळवा. प्रत्येक तुकडा ८० इंच लांब, असे दोन एकाखाली एक जोडले की उंची १०७-१०८ इंच होते, आणि आपल्याला ९८ हव्यात. एकूण १६० इंच. फक्त जोडाची दिशा बदलून ३६ इंच कापड वाचलं. ४४ च्या पन्ह्यात हीच युक्ती उलटी पडते, कारण तिथे आडवे तीन तुकडे लागतात, २४० इंच. म्हणून अस्तराचा हिशोब दोन्ही दिशांनी करायचा आणि कमी आकडा घ्यायचा. १०८ इंची पन्ह्याचं खास अस्तराचं कापड येतं, ते ९८ च्या बाजूला लावलं तर जोडच नको, आटण्यासकट सव्वादोन मीटरमध्ये काम भागतं. फक्त रुंद कापड धुतल्यावर पन्ह्यातही ५ इंच आटू शकतं हे ध्यानात घ्या. १०८ मधून किनार आणि ते ५ वजा केले तरी ९८ पुरून उरतात.

मधलं भरण अस्तराइतकंच, ८० × ९८. सुती भरणही आटतं, त्यामुळे पाकिटावर लिहिलेलं माप आणि दोन टाक्यांमधलं जास्तीत जास्त अंतर दोन्ही वाचून घ्या. भरणाला जोड चालतो, दोन कडा भिडवून वरून सैल टाके घातले की झालं.

वरचे सगळे आकडे साध्या, दिशा नसलेल्या छापाला लागू आहेत. छापाला डोकं आणि पाय असतील, म्हणजे झाडं, पक्षी, अक्षरं असं काही, तर बेत बदलतो. तुमच्या बॉर्डरवर असा छाप उभाच दिसायला हवा असेल तर बाजूच्या दोन पट्ट्या उभ्या आणि वरच्या-खालच्या आडव्या कापाव्या लागतील. हिशोब करून बघा: ८४ इंचांत बाजूच्या दोन पट्ट्या आणि शेजारी २४ चौकोन, वरच्या-खालच्या पट्ट्यांना २० इंच, राहिलेल्या ७ चौकोनांना १९. एकूण १२३. म्हणजे इथे एकच इंच वाढला! दिशेच्या छापाला नेहमी जास्त कापड लागतं असं घाबरवलं जातं, आणि त्रिकोणांत ते खरंही आहे, पण चौकोन आणि पट्ट्यांत आधी बेतून बघितल्याशिवाय तसं ठरवू नये.

खरी कापड खाणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक चौकोनाच्या बरोबर मध्यावर एक ठरावीक फूल आणणं. समजा ते फूल कापडावर लांबीला दर १२ इंचांनी आणि पन्ह्यात तीनदा येतं. मग ३१ चौकोनांना ११ ओळी, १३२ इंच, जिथे एरवी ७६ पुरले असते. शिवाय उरलेलं कापड भोकं पडलेल्या जाळीसारखं होतं, त्यातून बॉर्डर निघत नाही. तेव्हा असा छाप असेल तर दुकानात टेप घेऊन एका फुलाच्या मध्यापासून पुढच्या तशाच फुलाच्या मध्यापर्यंत मोजा, आणि पन्ह्यात पूर्ण फुलं किती येतात ते मोजा. किनारीपाशी अर्धं आलेलं फूल मोजू नका.

त्रिकोण असतील तर माया वेगळी असते, कारण तिरक्या शिवणीत टोकाकडे जास्त कापड लागतं. चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण काढायचे असतील तर तयार मापात सात सूत मिळवायचे, म्हणजे इंचाचे आठ भाग केले तर त्यातले सात. ३ इंची मापाला ३ इंच ७ सूत. दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण काढायचे असतील तर सव्वा इंच मिळवायचा. मग तेच, पट्टीत किती बसतात ते मोजायचं. ३ इंच ७ सूताचे चौकोन ४० मध्ये १० बसतात, म्हणजे एका पट्टीतून २० त्रिकोण.

ब्लॉक तिरपे, टोकावर उभे मांडायचे असतील तर हिशोबाचा पायाच बदलतो. ९ इंची ब्लॉकचा कर्ण पावणेतेराच्या आसपास असतो (९ गुणिले १.४१४). आडवे ५ आणि उभे ६ मांडले तर गोधडीचा मधला भाग साधारण ६३.५ × ७६.५ इंच होतो. त्यात मुख्य ३० आणि मधल्या खाचांतले २० असे ५० ब्लॉक, कडेला १८ मोठे त्रिकोण आणि कोपऱ्यांना ४ छोटे. कडेचे त्रिकोण १४ इंची चौकोन दोन्ही कर्णांवर कापून काढायचे, म्हणजे बाहेरच्या कडेला सरळ धागा येतो. उरेब धागा आला तर गोधडीची कड लोंबते. १८ त्रिकोणांना ५ चौकोन, एका पट्टीत १४ चे दोनच बसतात, तर ३ पट्ट्या, ४२ इंच. कोपऱ्यांसाठी सव्वासात इंची दोन चौकोन उरलेल्या बाजूत बसतात, ते एकाच कर्णावर कापायचे. नुसत्या कडा भरायला एक मीटरच्या वर कापड गेलं! तिरप्या मांडणीत पार्श्वभूमीचं कापड हमखास कमी पडतं ते याच जागी.

छोटे तुकडे विकत घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. पाव यार्डाची सरळ आडवी पट्टी ९ इंच रुंद असते. तिच्यातून साडेनऊचा चौकोन एकही निघत नाही. तेवढंच कापड १८ × २२ च्या चौकोनी तुकड्यात, ज्याला फॅट क्वार्टर म्हणतात, घेतलं तर दोन निघतात. म्हणून ब्लॉकचं माप आधी ठरवा आणि मग तुकडे गोळा करा. घरच्या कपाटातल्या चिंध्यांचा अंदाज घ्यायचा असेल तर त्याच जातीच्या कापडाचा २० × २० इंचांचा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. तो ४०० चौरस इंच आहे, त्यावरून गठ्ठ्याचं क्षेत्रफळ काढता येतं. वेड्यावाकड्या कात्रणांतून मी त्याचा निम्माच भाग कामाचा धरते, आणि जुन्या कपड्यांतला कोपर-गुडघ्याचा विरलेला भाग आधीच काढून ठेवते.

सगळ्या रंगांत पार्श्वभूमीचं कापड थोडं सढळ हाताने घ्या. गडद चौकोन कमी पडले तर दुसऱ्या जवळच्या रंगाचे चार-पाच मिसळले तरी शोभून जातात. पार्श्वभूमीचा फिका रंग मात्र पुढच्या वेळी दुसऱ्या ताक्यातून आला की छटा बदलते, आणि फिक्यावर ती लगेच नजरेत भरते. एकाच ताक्यातून, एकाच वेळी घ्या.

तरीही कापड कमी पडलंच, तर बॉर्डर पाचऐवजी चार इंचांची कापा. चार उभ्या पट्ट्यांना १६ इंच पुरतील आणि उरलेल्या २४ मध्ये तरीही साडेनऊचे दोनच चौकोन बसतील, म्हणजे लांबीत बचत होणार नाही. त्यापेक्षा मधल्या भागाची एक आडवी ओळ कमी करा. ७ ब्लॉक आणि बाजूच्या बॉर्डरचे ९ इंच एकदम वाचतात, गोधडी ८१ इंच लांब होते आणि पांघरायला पुरेशीच राहते. अस्तर कमी पडलं तर मध्यभागी वरच्या थरातली उरलेली पट्टी घाला. ७९ चे ८० करायलाही हाच उपाय आहे, आणि मागच्या बाजूला ती चांगलीही दिसते.